खोटे प्रवासी

जास्त सामानावरून भांडणाऱ्या प्रवाशाची भूमिका आत्याच्या वाट्याला आली, तेव्हा घरात सगळे हसले होते. "तिला भूमिका कशाला द्यायची? नुसतं उभं केलं असतं तरी भागलं असतं," असं तिचा भाचा म्हणाला होता, आणि त्याबद्दल त्याला त्या संध्याकाळी चहा मिळाला नव्हता. आज मात्र आत्या रंगात आली होती. नव्या टर्मिनलच्या चकचकीत काउंटरवर दोन्ही हात टेकून ती एका कोवळ्या पोरीला सुनावत होती, की तुमचा काटा खोटा आहे, तुमचं हसणं खोटं आहे आणि आमच्या वेळी माणसं गाठोडं घेऊन खुशाल विमानात बसत. आत्या आजवर विमानात बसलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

नवं टर्मिनल उघडण्याआधीची ही शेवटची चाचणी. खरी विमानं अजून पलीकडच्या जुन्या टर्मिनलवरूनच उडत होती. इकडे काउंटर होते, पट्टे होते, गेट होती, फक्त विमान नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं खोटे प्रवासी म्हणून बोलावली होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, त्यावर खोटं नाव, खोटं गाव आणि आज काय करायचं त्याची एक ओळ. कुणी पासपोर्ट विसरायचा, कुणी चक्कर येऊन पडायचं, कुणी चुकीच्या रांगेत शिरायचं. त्या भाच्याच्या बायकोच्या, म्हणजे सूनबाईच्या कार्डावर होतं, 'बॅग आली नाही, तक्रार करा.' तिच्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या कार्डावर होतं, 'सरळ गेटवर जा आणि बसून राहा.' ते सोपं कार्ड ताईनं स्वतः शोधून वडिलांसाठी बाजूला काढलं होतं.

ताई म्हणजे सूनबाईची थोरली नणंद, आणि हे सगळं टर्मिनल उघडायची जबाबदारी तिच्या एकटीच्या डोक्यावर. आधीच्या दोन चाचण्या सामानाच्या पट्ट्यांनी बुडवल्या होत्या. आज पिवळ्या जाकिटातले परीक्षक कोपऱ्याकोपऱ्यात उभे होते. आज काही मध्येच थांबलं असतं, तर उद्घाटन पुढे गेलं असतं आणि ताई घरी गेली असती. तिनंच तसं सांगितलं होतं, हसत हसत, पण ताईचं हसणं घरातले सगळे ओळखून होते.

सूनबाईला सकाळपासून काळजी होती, ती मात्र ताईच्या नोकरीची नव्हती.

आप्पा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. मध्यंतरी एकदा ते सुनेला "तुम्ही कोणाकडे आलात?" असं अगदी अदबीनं विचारून बसले, आणि तिनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. ताईला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. तिचा फोन आला की आप्पा झोपलेले असत, नाहीतर अंघोळीला गेलेले असत. इतक्या अंघोळी त्या घरात कुणी जन्मात केल्या नसतील.

"तिला कळलं की ती येणार, गाडी आणणार आणि आप्पांना उचलून नेणार," सूनबाईचा नवरा म्हणायचा. "आईला तिनंच नेलं, काय झालं ते बघितलंस ना? मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर, आणि शेवटी आपल्यापैकी कुणी जवळ नव्हतं. आप्पांना मी देणार नाही."

त्यावर बोलायची सोय नव्हती. तो धाकटा, आईचं शेंडेफळ. विमानतळावर त्याचं काम पक्षी हाकलायचं. दिवसभर जीप घेऊन जुन्या धावपट्टीच्या कडेनं फिरायचं, भोंगा वाजवायचा, थवे उठवायचे. आत्या त्याला कावळ्या म्हणायची. आजही तो तिकडेच होता. सकाळी निघताना म्हणाला, "तासाभराचा तर प्रश्न आहे. तू आणि आत्या आलटून पालटून बसा त्यांच्यापाशी."

आणि सकाळी आणखी एक झालं होतं. आप्पांनी पेटीतून आपलं जुनं नारिंगी जाकीट काढून अंगात घातलं. याच विमानतळाची पहिली धावपट्टी ओतली तेव्हा ते काँक्रीटच्या टोळीचे मुकादम होते, तेव्हाचं ते जाकीट. सूनबाई विमानतळाचे गणवेश शिवायची, तिला ते विटकं कापड बघवेना. पण काढा म्हटलं असतं तर रुसवा, आरडाओरडा, उशीर. तिनं फाटका खिसा तेवढा हाताला लागलेल्या निळ्या तुकड्यानं शिवून दिला आणि म्हणाली, "शोभतंय, आप्पा." वेळ मारून नेली, असं तेव्हा तिला वाटलं.

आत शिरल्याबरोबर भिंतीवर त्याच धावपट्टीचा जुना फोटो लावलेला. आत्यानं लगेच आजूबाजूच्या खोट्या प्रवाशांना गोळा केलं. "हा बघा माझा भाऊ. आणि हिची नणंद, आताची मोठी साहेब, तेव्हा एवढीशी होती. ओल्या काँक्रीटवरून पळत सुटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं! यानं सगळा तुकडा फोडून पुन्हा ओतायला लावला, आणि पोरीच्या अशी एक ठेवून दिली. जन्मात हात उचलला तो तेवढाच." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते फोटोकडे बघत म्हणाले, "कडा अजून ओल्या आहेत."

सूनबाईला तेव्हाच त्यांचा हात धरायला हवा होता. पण तेवढ्यात तिच्या कार्डाचा नंबर पुकारला गेला.

*

ती बॅगेची तक्रार करून परत आली, तर आप्पांना बसवलेली खुर्ची रिकामी.

आत्या काउंटरवर दुसऱ्या फेरीचं भांडण करत होती. "अहो आत्या, आप्पा कुठं आहेत?"

"इथंच तर होता. मला बोलावलं म्हणून मी उठले. बस म्हटलं, हो म्हणाला."

"हो ते सगळ्यालाच म्हणतात!"

आत्याचा चेहरा उतरला. दोघींनी स्वच्छतागृहं बघितली, चहाचा गाळा बघितला, खांबांच्या मागे बघितलं. तेवढ्यात कुठंतरी दूर एक घंटा किंचाळायला लागली. कुणीतरी मैदानाकडचं आपत्कालीन दार उघडलं होतं. भोवतालचे लोक मजेत माना डोलावत होते. कुणाच्या तरी कार्डावर असणार!

सूनबाईच्या डोळ्यांसमोर मात्र ते दार आलं, दारापलीकडचं मैदान आलं, आणि मैदानापलीकडची जुनी धावपट्टी, जिच्यावर या क्षणीही खरी विमानं उतरत होती. ती मदत कक्षाकडे धावली.

मदत कक्षातल्या पोरीनं तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग पुढे वाकून तिचं कार्ड वाचलं. "पण तुमची बॅग हरवली आहे, मॅडम. माणूस नाही."

"बॅगेचं सोड गं. माझे सासरे खरंच हरवलेत."

"माणूस हरवण्याचा प्रसंग दुपारच्या सत्रात आहे."

"अगं, खरंच म्हणतेय मी!"

"छान करताय तुम्ही," पोरगी कौतुकानं म्हणाली. "आधीच्या वेळी एक बाई आल्या होत्या, त्यांना रडायलाच येत नव्हतं."

आत्या मध्ये पडली. टेबलावर हात आपटून ती ओरडली, मग तिचा आवाज फुटला आणि ती खरोखरच रडू लागली. पण सकाळपासून आख्ख्या टर्मिनलनं तिला ओरडताना बघितलं होतं. मागच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गत आत्याला म्हातारपणी अशी भोगावी लागली.

सूनबाईनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, आप्पा सापडत नाहीत. मैदानाकडचं दार उघडलंय कुणीतरी."

पलीकडे जीपचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. "कुठलं दार?"

"मला काय ठाऊक कुठलं! तुम्हाला तिकडं कुणी दिसतंय का?"

"नाही. थांब, मी कडेकडेनं बघत येतो. आणि ऐक, ताईला सांगू नकोस."

"अहो, तिकडं विमानं उतरतायत."

"मी बघतोय ना! मी शोधतो त्यांना. तिला कळलं तर संपलंच मग."

आत्या कान देऊन ऐकत होती. तिनं सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला. "काय रे कावळ्या, बाप विमानाखाली आला तर तो तुझ्याकडे राहील का तिच्याकडे? आधी सांग मला. इतके महिने तुझ्या शब्दाला मान देऊन मी गप्प बसले, माझी जीभ झडली नाही हेच नवल." आणि फोन बंद करून तो सुनेच्या हातात देत म्हणाली, "जा तू वर. त्याचं मी बघून घेते."

लग्न होऊन या घरात आल्यापासून आत्या सुनेच्या बाजूनं उभी राहिल्याची ही पहिलीच वेळ होती. त्याचा आनंद मानायला सूनबाईला सवड नव्हती. ती जिन्यावरून धावत सुटली.

*

नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे होते. ताई पडद्यांकडे तोंड करून उभी होती, मागे दोन परीक्षक. ताईच्या अंगातला कोट सूनबाईनंच शिवला होता. त्या कोटाची पाठ घामानं चिकटलेली तिला दारातूनच दिसली.

"शेवटच्या गेटवर गर्दी का तुंबलीय?" ताई कुणालातरी विचारत होती. "दार उघडं आहे ना? मग लोक आत का जात नाहीत?"

"कळत नाही मॅडम. कुणी तक्रारही करत नाहीये. नुसते उभे आहेत."

"ताई," सूनबाई म्हणाली.

ताईनं वळून बघितलं आणि कपाळाला आठी पडली. "तू इथं कशी? वर यायला मनाई आहे आज."

"आप्पा हरवलेत."

"कार्डात आहे का?"

"नाही. खरंच हरवलेत."

"फिरत असतील कुठंतरी. ही सगळी जागा त्यांच्या पायाखालची आहे. आप्पा आणि हरवणार?" ताई पुन्हा पडद्यांकडे वळली.

सूनबाईला वाटलं, आता गप्प बसावं, खाली जावं, नवरा शोधेल. मग ती बोलली ते एका दमात बोलली. "ताई, आप्पांना आता काही आठवत नाही. ते घराचा रस्ता विसरतात. मला ओळखत नाहीत कधीकधी. तुम्ही फोन करायचात तेव्हा ते अंघोळीला गेलेले नसायचे, आम्ही खोटं सांगायचो. आणि आता मैदानाकडचं दार उघडलंय."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सूनबाईला वाटलं ही आता थोबाडीत देणार, आणि तिला ते चाललंही असतं.

"ते दार कार्डात होतं?" ताईनं खुर्चीतल्या माणसाला विचारलं.

त्यानं घाईनं शोधलं. "नाही मॅडम. मला वाटलं परीक्षकांनी आयत्या वेळी..."

"आम्ही नाही," मागचा परीक्षक म्हणाला. "पण मॅडम, एका माणसासाठी चाचणी थांबवली तर ती रद्द धरावी लागेल. तुम्हाला माहीत आहे. आपण गुपचूप शोधू या ना."

ताई एक क्षण थांबली, आणि तो क्षण सूनबाईला आयुष्यभर पुरला. ताईनं फोन उचलला. "टॉवर? मैदानावर माणूस असण्याची शक्यता आहे. उतरणारी विमानं वरच थांबवा. हो, मी जबाबदार." मग तिनं माइक ओढला. तिचा आवाज साऱ्या इमारतीत घुमला. "ही चाचणी नाही. चाचणी थांबवली आहे. एक वयस्कर गृहस्थ हरवले आहेत. सगळ्यांनी आहात तिथंच थांबा आणि आजूबाजूला बघा."

पडद्यांवरची माणसं जागच्या जागी थबकली. शेवटच्या गेटवरची तर आधीपासूनच थबकलेली होती. सूनबाई त्या पडद्याच्या जवळ गेली. दोन खुर्च्यांना लाल-पांढरी पट्टी बांधून कुणीतरी वाट अडवली होती. पट्टीच्या अलीकडे गर्दी, पलीकडे मोकळी, चकाकणारी करडी फरशी, आणि फरशीच्या पार टोकाला उलट्या बादलीवर बसलेला नारिंगी जाकिटातला माणूस.

"जरा मोठं करता येईल का हे?" तिनं विचारलं.

चित्र मोठं झालं. जाकिटाचा खिसा निळा होता.

*

माणूस सापडला, एवढं टॉवरला कळवून ताई उठली आणि लांबलचक मार्गिकेतून दोघी जवळजवळ पळतच निघाल्या. "कधीपासून?" ताईनं विचारलं.

"बरेच महिने झाले."

"आणि मी त्यांना इथं बोलावलं. कार्ड निवडून पाठवलं." ताईच्या आवाजाला धार होती, पण ती कुणावर चालवावी हे तिला उमगत नसावं. "तुम्ही मला इतकी परकी केलीत?"

"ह्यांना भीती वाटते ताई. तुम्ही आप्पांना न्याल म्हणून."

"नेलंच असतं मी," ताई म्हणाली, आणि आणखी झपाझप चालू लागली.

सूनबाईनं वाटेतून फोन केल्यावर गेटपाशी धाकटाही धापा टाकत पोचला, बूट चिखलानं भरलेले, डोळे लाल. बहिणीला बघून तो जागीच उभा राहिला. "तुझी चाचणी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"गेली," ताई म्हणाली.

गर्दीतला एक गृहस्थ समजुतीनं सांगू लागला, "मॅडम, पलीकडे जाऊ नका. ते वयस्कर सुपरवायझर आहेत ना, त्यांनी बजावलंय, काँक्रीट ओलं आहे. ते मैदानाकडचं दार उघडून बाहेर गेले आणि स्वतः बादली आणि पट्टी घेऊन आले बिचारे. आम्हाला वाटलं, असेल चाचणीचा भाग." पट्टीच्या अलीकडे पिवळ्या जाकिटातला एक परीक्षकही निमूट उभा होता. ओरडा खाण्याची हौस कुणालाच नसते.

"आप्पा!" धाकट्यानं हाक मारली आणि पट्टीखालून आत पाऊल टाकलं.

"ए! पाय काढ!" आप्पा बादलीवरून ताडकन उठले. तो आवाज घरात कित्येक महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. "डोळे फुटले का? सकाळीच ओतलंय. कुणाच्या टोळीतला रे तू?"

धाकट्यानं पाय मागे घेतला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आप्पा, मी आहे," तो हळूच म्हणाला. पण ते आप्पांपर्यंत पोचलं नाही.

"उचलून आणू या का?" परीक्षकानं विचारलं. "दोन माणसं बोलावतो."

"कुणी हात लावायचा नाही," ताई म्हणाली, पण पुढं काय ते तिलाही सुचेना.

भिंतीशी नव्या खुर्च्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे रचून ठेवले होते. ओल्यावरून जायचं तर फळी टाकायची, हे आप्पांनीच तिला अंगण केलं तेव्हा शिकवलं होतं. सूनबाईनं एक पुठ्ठा उचलला आणि पट्टीच्या पलीकडे फरशीवर अलगद आडवा ठेवला.

"मुकादम," तिनं हाक मारली, "फळी टाकून येऊ का?"

आप्पांनी नीट निरखून बघितलं. "हळू या. एकेकानं."

तिनं चपला काढल्या, पुठ्ठ्यावर उभी राहिली आणि पुढचा पुठ्ठा घ्यायला मागे वळली. तो तिच्या हातात देत होता तिचा नवरा. त्याच्यामागे ताई दुसरा घेऊन उभी होती. एकीनं द्यायचा, दुसऱ्यानं पुढे करायचा, तिसरीनं अंथरायचा. ही भावंडं आईच्या आजारानंतर पहिल्यांदाच एका कामाला लागलेली ती बघत होती. गर्दीतला कुणी हसला नाही. मागून धापा टाकत आलेली आत्यासुद्धा गप्प होती.

पुठ्ठे आप्पांच्या बादलीपर्यंत पोचले, तेव्हा सूनबाई बाजूला सरकली. ताईनं बूट काढून हातात घेतले आणि स्वतःच चकचकीत करून घेतलेल्या त्या फरशीवरून ती पुठ्ठ्यापुठ्ठ्यानं, तोल सांभाळत गेली. आप्पांच्या शेजारी फरशीवर बसावं तर ती ओली, म्हणून शेवटच्या पुठ्ठ्यावर बसली.

आप्पांनी तिच्या कोटाकडे बघितलं. "तुम्ही हेडऑफिसातल्या का, बाई?"

ताईनं मान डोलावली.

"बरं झालं आलात. एक सांगायचं होतं." आप्पांनी आवाज खाली आणला. "माझी पोर खेळतेय इथंच कुठंतरी. एवढीशी आहे. धावत सुटते ती. ती इकडं आली, तर मी येण्याआधी तुम्ही अडवा तिला. माझा हात उठतो हो. मला नाही मारायचं तिला."

धाकट्यानं तोंड फिरवलं. आत्यानं पदर तोंडात कोंबला.

"ती नाही यायची, मुकादम," ताई म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "मी धरून ठेवलंय तिला."

"घट्ट धरा."

"धरलंय."

आप्पा निर्धास्त झाले. त्यांनी खांदे सैल सोडले आणि पुन्हा बादलीवर बसले. ताईनं त्यांचा हात घेतला होता, नुसतं एक बोटच म्हणा, मुठीत गच्च. बाहेर वर थांबवलेल्या विमानांपैकी पहिलं विमान खाली येत होतं, त्याचा आवाज काचांवर थरथरला आणि गेला.

परीक्षक पट्टीपाशी आला. पायातले बूट काढावेत की नाही, याचा त्यानं थोडा विचार केला आणि अलीकडेच थांबला. "मॅडम," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "वरून फोन येतायत. चाचणी पुन्हा कधी सुरू करायची, काय सांगू?"

ताईनं वर बघितलं नाही.

"सांगा, आधी सुकू दे."